पाणी कोमट होते

बंगल्यात उतरलेली माणसं जाताना काही ना काही विसरून जातात. कंगवा, एका पायातला मोजा, चष्म्याची डबी, एकदा तर दातांची कवळी. आम्ही ते सगळं पत्र्याच्या एका पेटीत टाकून ठेवायचो. कुणी पत्र पाठवून मागितलं तर द्यायचं, असा नियम. बारा वर्षांत एकच पत्र आलं, ते कवळीवाल्याचं!

किस्स्यांचंही तसंच झालं. माणसं निघून गेली, किस्से आमच्यापाशी राहिले, आणि मागायला कुणी आलं नाही. आता चार मित्र जमले की मी ती पेटी उघडतो. फक्त एक आधीच सांगून ठेवतो. यात हसू येईल अशा जागा आहेत, पण हसून झाल्यावर मला स्वतःला बरं वाटत नाही, अशाही आहेत.

शहापूरपासून दहा-बारा मैलांवर जंगलात एक मोठं तळं आहे. त्याच्या काठी टेकाडावर आमच्या खात्याचा बंगला होता. खातं कुठलं ते राहू द्या. दोन प्रशस्त खोल्या, तिन्ही बाजूंनी व्हरांडा, वेताच्या आरामखुर्च्या, मच्छरदाणी लावलेले पितळी पलंग, चिनी मातीच्या कपबश्या आणि न्हाणीघरात पांढराशुभ्र टब. वीज नाही, नळ नाही. तरी मुंबईची माणसं यायची आणि म्हणायची, असं सुख कुठं नाही. चैत्र-वैशाखात तर नुकती लग्नं झालेल्या जोडप्यांची रीघ लागायची.

मी तिथे कारकून होतो. मूळ मुरबाडचा. एसटीनं कल्याण, तिथून आगगाडीनं आसनगाव आणि पुढे मिळेल त्या वाहनानं, अशी नोकरीवर जायची वाट. पाहुण्यांचे परवाने तपासायचे आणि नोंदवही ठेवायची, हे माझं काम. बुधा चौकीदार होता. त्याचा पाडा टोकावड्याच्या पलीकडे, पार घाटाच्या पायथ्याशी. त्याची बायको चिमी झाडलोट करी आणि पाणी भरी. दोघं मागच्या बाजूच्या खात्याच्या खोलीत राहायची. स्वयंपाकाला पडघ्याचे अब्बासचाचा. एवढीच आमची मंडळी.

*

नोंदवहीत शेवटचा रकाना अभिप्रायाचा होता. पाहुण्यांनी जाताना त्यात दोन शब्द लिहायचे. माझ्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका जोडप्यानं लिहिलं, "स्थळ रम्य. जेवण उत्तम. पाणी कोमट होते."

मी मागची पानं चाळली. जवळजवळ प्रत्येक पानावर तेच. कुणी 'कोमट' लिहिलं होतं, कुणी 'पुरेसे गरम नव्हते', एका साहेबांनी त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

आता ते पाणी कसं यायचं ते सांगतो. तळ्यापासून बंगल्यापर्यंत बासष्ट पायऱ्या. चिमी पहाटे उठून डोक्यावर हंडे आणायची, मागच्या चुलीवर तापवायची आणि आंगण ओलांडून न्हाणीघरात नेऊन ओतायची. टब भरायला अकरा हंडे लागायचे. अकरावा हंडा पडेपर्यंत पहिल्याची वाफ गेलेली असायची. त्यात पाहुण्यांनी सांगितलेलं असायचं, "सहाला पाणी ठेवा." आणि उठायचे आठ वाजता.

चिमीला वाचता येत नव्हतं, पण पाहुणे गेले की ती हात पुसत माझ्या टेबलाशी यायची आणि विचारायची, काय लिवलंय. मी वाचून दाखवायचो. पहिल्यांदा मी पाण्याचं वाक्य गाळलं. ती बराच वेळ उभीच राहिली. मग म्हणाली, "पान्याचं ऱ्हायलं तुमचं वाचायचं."

तिला ठाऊक होतं. त्यानंतर मी कधी गाळलं नाही. ती ऐकायची, मान हलवायची आणि पुढच्या पाहुण्यांसाठी लाकडं फोडायला जायची. ती कधी चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

*

बुधाची तऱ्हा वेगळी. नोकरीला लागला तेव्हा कुणा साहेबानं त्याला बजावलं होतं, पाहुण्याला कधी नाही म्हणायचं नाही. बुधानं ते मनावर घेतलं ते कायमचं.

एकदा दादरची एक नवी नवरी आली. लग्नाआधी नवऱ्यानं तिला समुद्राकाठच्या मोठ्या हॉटेलात नेतो असं कबूल केलं होतं. ते काही जमलं नसावं, म्हणून तो इथं घेऊन आला. सगळं तळं समोर पसरलेलं, पलीकडचा काठ धुरकट. पोरीची समजूत झाली की ही समुद्राचीच एखादी खाडी असणार. तिनं बुधाला विचारलं, इथे भरती किती वाजता येते?

बुधानं जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. भरती म्हणजे काय ते त्याला कुठून कळणार? पण पाहुणीनं विचारलंय म्हणजे ती येत असणार, आणि नाही तर म्हणायचं नाही. तो म्हणाला, "येईल ना, सांजच्याला."

संध्याकाळी ती काठावर खुर्ची टाकून बसली. नवरा शेजारी. त्याला माहीत होतं की तळ्याला भरती येत नाही. पण लग्नाला आठ दिवस झालेले, आणि एक समुद्र त्यानं आधीच बुडवलेला. तोही गप्प बसला. सूर्य डोंगरामागे गेला तरी दोघं पाण्याकडे बघत होती. शेवटी बुधा पायऱ्या उतरून खाली गेला आणि अदबीनं म्हणाला, "बाई, आज उशीर झाला वाटतं. जेवन थंड व्हतंय."

दुसऱ्या दिवशी तिनं अभिप्राय लिहिला. भरतीबद्दल एक अक्षर नव्हतं. पाणी मात्र कोमट होतं.

*

खात्याचा आणखी एक नियम होता. जोडपं आलं तर ते लग्नाचं असलं पाहिजे. आता हे विचारायचं कसं? आमच्या आधीच्या कारकुनानं ते काम बुधावर सोपवलं होतं, आणि बुधानं त्याची एक युक्ती शोधून काढली होती.

पाहुणे आले की तो चहाचा ट्रे न्यायचा. किटली वेगळी, दूध वेगळं, साखर वेगळी. आणि दाराशी उभा राहून बघायचा. नवं जोडपं असेल तर एकजण दुसऱ्याला विचारणार, साखर किती घालू? जुनं असेल तर न विचारता चमचा पडणार. दोन्हीतलं काहीच झालं नाही, ज्यानं त्यानं आपापली साखर घेतली, तर बुधा येऊन मला सांगायचा की परवाना नीट बघा. त्याचा अंदाज सहसा चुकत नसे.

एकदा एक पोक्त जोडपं आलं. गृहस्थांचे केस पिकलेले, बाईंच्या गळ्यात काही नाही, बोलणं अगदी कमी. मी बुधाला ट्रे घेऊन पाठवलं. तो परत आला आणि म्हणाला, बाईंनी न इचारता दोन चमचे घातले.

"म्हणजे लग्नाचे आहेत," मी म्हटलं.

बुधा जरा घुटमळला. म्हणाला, "एकत्र ऱ्हायलेत इतकं खरं. लगीन झालंय का ते मी कसं सांगू, भाऊसाहेब? माजं तरी कुठं झालंय?"

मला वाटलं, थट्टा करतोय. मी हसलो. चिमी पलीकडे राखेनं हंडा घासत होती. ती हसली नाही.

*

त्या पाड्यांवरची रीत मला तेव्हा कळली. मी मुरबाडचा असून मला ठाऊक नव्हती, याची लाज वाटली. मुलगा-मुलगी पसंत पडली, दोन्ही घरांनी होकार दिला, की मुलगी नांदायला येते. संसार सुरू होतो. लग्न मागाहून, जमेल तेव्हा. त्यात कुणी नाक मुरडत नाही. पण लग्न म्हणजे लग्न. मांडव घालायचा, भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहायचा, चार दिवस हळदी आणि गाणी. ते लग्न भटजी लावत नाही, पाड्यावरची जाणती बाई लावते. तिला धवलेरी म्हणतात. ते सगळं व्हायचं शिमग्यानंतर, पावसाच्या आत. कारण भाताची कामं तेवढ्याच दिवसांत नसतात.

आणि आमच्या बंगल्याचा सीझन नेमका तोच!

चौकीदाराला रजा मिळायची ती पावसाळ्यात, बंगला बंद असताना. चैत्र-वैशाखात एक दिवसही नाही, असा लेखी हुकूम. पाडा इतका लांब की सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणं शक्य नव्हतं. म्हणून दर वर्षी मुंबईची जोडपी लग्न आटोपून आमच्याकडे यायची, बुधा त्यांची अंथरुणं घालायचा, चिमी त्यांचं पाणी तापवायची, आणि या दोघांचं लग्न पुढच्या वर्षावर जायचं. अशी अठरा वर्षं गेली. तिकडे पाड्यावर वाढणारी त्यांची मुलगी सोमी सोळाची झाली.

यात माझाही हात होता, तेही सांगतो. बुधा दर होळीला माझ्याकडे येऊन हळूच विषय काढायचा. चार दिवस मिळतील काय? मला वाटायचं, पाड्यावर कसला तरी देव असेल. मी म्हणायचो, "सीझन संपू दे, बघू." तो मान डोलावून जायचा. कशासाठी ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

*

मग सोमीचं जमलं. मुलगा टोकावड्याकडचाच, सरळ, कष्टाळू. पोरीलाही पसंत. पण मुलाचा बाप रीतीला पक्का निघाला. पाड्यावर असा दंडक आहे की आईबापाचं लग्न लागल्याशिवाय पोरीचं लागत नाही. तो म्हणाला, या वैशाखात एका मांडवात दोन्ही लावा, आधी तुमचं, मग तिचं. नाही जमलं तर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल. इतरांचे संसार आधी आणि लग्नं मागाहून चालतात, पण माझ्या मुलाचं मला आधी लावायचंय.

बुधानं या खेपेला मला सगळं सांगितलं. मी लगेच मुंबईच्या कचेरीला अर्ज लिहिला. चौकीदार बुधा यास स्वतःच्या लग्नासाठी चार दिवसांची रजा मिळावी.

आठ दिवसांत उत्तर आलं. सदर नोकर विवाहित असल्याची नोंद सर्व्हिस बुकात आहे, पत्नीचं नाव चिमी. सबब दुसरा विवाह करण्याचं कारण काय, आणि पहिल्या पत्नीची त्यास संमती आहे काय, याचा खुलासा व्हावा.

मी ते पत्र दोघांना वाचून दाखवलं. बुधा घाबरला. चिमीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पयल्या बायकोची हाय म्हनून लिवा. दुसरीला इचारावं लागंल."

अब्बासचाचा हातातली परात खाली ठेवून हसले. मीही हसलो, आणि त्याच जोरात उत्तर लिहिलं की दोन्ही पत्नी एकच आहेत, लग्न तेवढं राहिलं आहे. ही माझी चूक. शहाणपणा करायला गेलो.

दुसरं पत्र आलं. असं असेल तर अविवाहित नोकरास विवाहितांची खोली आजवर कशी देण्यात आली? खोली काढून का घेऊ नये? शिवाय हंगामात रजा मिळणार नाही.

म्हणजे लग्न झालंय म्हणावं तर रजा नाही, नाही झालं म्हणावं तर डोक्यावरचं छप्पर जाणार. मी अर्ज मागे घेतला, पूर्वीची नोंदच बरोबर आहे, चुकून लिहिलं गेलं, असं कळवलं. बुधा तळ्याकडे तोंड करून पायरीवर बसला होता. मी जवळ गेलो तर माझीच समजूत घालायला लागला.

"ऱ्हाऊ द्या, भाऊसाहेब," तो म्हणाला. "सीझन संपू दे."

*

हे माझं वाक्य होतं. आणि मी ते फक्त बुधालाच म्हटलेलं नव्हतं.

माझी बायको मुरबाडला असायची, माझ्या आईजवळ. मी महिन्यातून एकदा घरी गेलो की ती बंगल्याच्या गोष्टी ऐकायची. एकदा तिनं विचारलं, "तिथे त्या बायका येतात, त्या दिवसभर करतात तरी काय?"

मी म्हटलं, तळं बघतात.

"आणि मग?"

मग जेवतात.

"आणि पाणी कोण भरतं?"

चिमी भरते, मी म्हटलं. तिला त्याचं फार नवल वाटलं. दुसऱ्या कुणी तापवून आणून दिलेल्या पाण्यानं आंघोळ करायची! ती म्हणाली, लहानपणी आईनं घातली असेल तेवढीच. मग म्हणाली, मला एकदा नुसतं दाखवा. राहायला नको, बघून येऊ. मी म्हटलं, हो, सीझन संपू दे.

त्याच वर्षी श्रावणात ती बाळंतपणात गेली. मूलही गेलं. बंगला तेव्हा बंद होता, दोन्ही खोल्या रिकाम्या होत्या.

ही गोष्ट मी सहसा सांगत नाही. पण ती सांगितल्याशिवाय पुढची सांगता येत नाही. बुधा पायरीवर बसून माझं वाक्य मलाच परत देत होता, तेव्हा मला ते ऐकवेना. मी म्हटलं, "तुम्ही दोघं जा. चार दिवस बंगला मी बघतो."

"आन् कुनी इचारलं तर?"

"माझं मी बघेन."

चाचा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "और पानी कौन गरम करेगा?"

"मी."

चाचांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग नुसती मान हलवली.

*

त्या चार दिवसांत दोन जोडपी येऊन गेली. पहिलं साधं होतं. दुसरे एक बडे साहेब आणि त्यांच्या पत्नी, दुसऱ्या कुठल्याशा कचेरीतले. त्यांनी आल्या आल्या सांगितलं, सकाळी सहाला पाणी.

बासष्ट पायऱ्या मी रोज बघत होतो. चढलो होतो, पण रिकाम्या हातानं. भरलेला हंडा डोक्यावर मला जमेना, खांद्यावर घेतला तर अर्धा अंगावर सांडायचा. तिसऱ्या फेरीपासून दर दहा पायऱ्यांवर हंडा टेकवून बसायला लागलो. चुलीचा धूर डोळ्यांत, ओली लाकडं पेटेनात, आणि तापलेला हंडा उचलताना डाव्या हाताची दोन बोटं चांगली भाजली. चाचांनी चुलीशी बसून लाकडं सारली म्हणून निभलं. टब भरला तेव्हा साडेसहा झाले होते. साहेब उठले आठला.

चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, इथला चौकीदार कुठे आहे?

 त्यांनी मुंबईच्या कचेरीला नुसतं एक कार्ड टाकलं असतं तरी बुधाची नोकरी गेली असती, माझीही गेली असती. काय खोटं सांगावं ते सुचेना, म्हणून मी खरं सांगितलं. "लग्नाला गेलाय."

"कुणाच्या?"

"मुलीच्या. आणि स्वतःच्या."

 साहेब एवढ्या मोठ्यानं हसले की व्हरांड्यातली खुर्ची हलली. त्यांच्या पत्नी मात्र हसल्या नाहीत. माझ्या बोटांना बांधलेल्या फडक्याकडे बघत त्यांनी विचारलं, पाणी तुम्ही आणलंत का? मी हो म्हटलं. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण साहेबांनी तोवर नोंदवही मागवली होती.

ते गेल्यावर मी रकाना वाचला. "पाणी कोमट होते. कारकून विनोदी आहे."

*

पाचव्या दिवशी दुपारी दोघं परत आली. कपाळावर हळद होती, बुधाच्या कानामागेही राहिली होती. मी लग्नाला नव्हतो, त्यामुळे जे सांगतो ते त्यांच्याकडून तुटक तुटक ऐकलेलं.

मांडव एकच होता. धवलेरीनं आधी या दोघांना उभं केलं. पाड्यावरची माणसं थट्टा करत होती, नवरी फार लाजते म्हणून. चिमी खरंच लाजत होती, असं बुधानं सांगितलं. अठरा वर्षांत त्यानं तिला तसं पाहिलं नव्हतं. आईला हळद लावायला बायका पुढे आल्या तेव्हा सोमीनं त्यांना थांबवलं. "मी लावते," म्हणाली. तिनं आईच्या तोंडाला, हातांना, पायांना हळद लावली. तळव्यांना भेगा होत्या, त्यांत नीट भरून लावली. मग सोमीचा सासरा म्हणाला, आता पोरीला बसवा.

सोमी सासरी गेली. चिमी हे सांगताना उन्हात ठेवलेले हंडे आत नेत होती. उद्याचे पाहुणे सकाळी येणार होते.

माझ्या भाजलेल्या बोटांकडे तिनं पाहिलं. मग कोरफडीचं पान चिरून आणून दिलं.

*

सीझन संपला. शेवटचे पाहुणे गेले, आता गाद्या गुंडाळून खोल्यांना कुलपं लावायची होती. मी बुधाला म्हटलं, एक नंबरची खोली आवरू नकोस. अजून एक जोडपं यायचंय.

"परवाना आलाय?" त्यानं विचारलं.

मी नोंदवही उघडून दाखवली. नावं लिहिलेली होती. त्या रात्रीचं खोलीचं भाडं मी भरलं होतं, पावती जोडली होती. नातं: पती-पत्नी. कामाचं स्वरूप या रकान्यात सगळे 'विश्रांती' लिहितात, मीही तेच लिहिलं होतं. बुधाला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं तसा तो दोन पावलं मागे सरकला.

"हे आहेर म्हणून," मी म्हटलं. "लग्नाला आलो नव्हतो ना."

चिमी नाही म्हणाली. अगदी स्पष्ट नाही म्हणाली. कुनाला कळलं तर? चादरी खराब व्हतील. आमाला झोप लागनार नाय तिथं. मी सगळं ऐकून घेतलं. मग तिला माझ्या बायकोचं सांगितलं, तिनं काय मागितलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं ते. आईला सोडलं तर हे मी पहिल्यांदा चिमीलाच सांगत होतो.  ती आत जाऊन धुतलेलं लुगडं नेसून आली.

संध्याकाळी दोघं व्हरांड्यात आली. चिमी आरामखुर्चीच्या अगदी काठावर बसली, पाठ न टेकता. बुधा सवयीनं खुर्चीच्या मागे उभा राहिला. चाचा ट्रे घेऊन आले आणि ओरडले, "अरे बैठ, आज तू मेहमान है!" तेव्हा कुठे तो बसला. किटली वेगळी, दूध वेगळं, साखर वेगळी. चाचा आणि मी दाराशी थांबलो होतो. बुधानं चमचा उचलला आणि अडखळत चिमीला विचारलं, "साखर किती घालू?"

तिनं पदर तोंडाला लावला. मग दोन बोटं दाखवली.

सकाळी मी चिमीच्या आधी उठायचं ठरवलं होतं. बासष्ट पायऱ्या, अकरा हंडे. चार दिवसांच्या अनुभवानं मी एक शहाणपण शिकलो होतो. निम्मं पाणी टबात आधीच गार भरून ठेवायचं आणि उरलेलं कढत होईस्तोवर उतरवायचं नाही. शेवटचा हंडा आंगणातून नेत होतो तेव्हा मागचं दार उघडलं. चिमी केस बांधत, चूल पेटवायला म्हणून बाहेर आली होती. तिनं चूल पेटलेली पाहिली, मला पाहिलं, हंड्यातून निघणारी वाफ पाहिली. माझ्या हातून हंडा घ्यायला ती एक पाऊल पुढे आलीसुद्धा. मग थांबली. मी तो हंडा टबात ओतून आलो, तशी ती आत गेली आणि न्हाणीघराचं दार तिनं लावून घेतलं.

फार वेळ ती बाहेर आली नाही. पाण्याचा आवाज येत होता, थांबत होता, परत येत होता. बुधा आणि मी व्हरांड्यात बसलो होतो.

ती आली तेव्हा केस ओले होते. ती कामाला लागणार, तेवढ्यात मी नोंदवही पुढे केली. म्हटलं, जाणाऱ्या पाहुण्यांनी अभिप्राय द्यायचा असतो. तुम्ही सांगा, मी लिहितो. बुधानं चाचांकडे बघून सांगितलं, जेवन झ्याक व्हतं म्हनून लिवा. मी लिहिलं. मग मी चिमीकडे पाहिलं.

तिनं हात पुसले. टेबलाशी आली, रकान्यात माझं बोट जिथे होतं तिथे बघत उभी राहिली.

"लिवा," ती म्हणाली. "पानी गरम व्हतं."